तिसऱ्या दिवशी

मुलाच्या अंत्यविधीला खंडोजी गेला नव्हता. पण राख सावडायचं काम बापाचंच, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी चामराजपेटेतून दोन बस बदलून, मडकं घेऊन तो एकटाच चर्चवर आला. बेळगावकडच्या फादरनी त्याला ओल्या मातीच्या एका ढिगाऱ्यापाशी नेलं.

“अण्णा, आमच्यात जाळत नाहीत. तुमच्या गिरीराजला इथं पुरलंय.”

खंडोजी हातातल्या मडक्याकडे बघत राहिला. “मग तिसऱ्या दिवशी तुमच्यात काय करतात?”

“तसं काही नाही. येशूला मात्र तिसऱ्या दिवशी त्याच्या बापानं मेलेल्यातून उठवलं, असं आम्ही मानतो.”

“बापानं?”

“बापानंच.”

“सरी, बरं,” खंडोजी म्हणाला.

फादर गेल्यावर त्यानं मडकं बाजूला ठेवलं. आसपास कुणी नाही हे पाहून तो मातीशी वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “गिरी, ऊठ की रे.”

पोरानं बाप्तिस्मा घेतल्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून बापानं त्याला मारलेली ही पहिली हाक.