दुपारी चारची नोंद

बॉयलर निरीक्षक हेरवाडेबाईंनी घड्याळ पाहिलं. सकाळचे अकरा वाजत होते आणि गिरणीतल्या संगणकाच्या पडद्यावर दुपारी चारपर्यंतच्या नोंदी भरून तयार होत्या. दर तासाला दाब दहा किलो, एक वाजता तेवढा सव्वादहा.

"चारचा दाब आत्ताच कसा लिहिला?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, आमचा दक्ष फार हुशार आहे," मॅनेजर शिरगुप्पे कौतुकाने म्हणाले. "बॉयलरवरची माणसं काढली आणि सगळं या यंत्राच्या ताब्यात दिलं. गिरणीची वीस वर्षांची रजिस्टरं वाचून शिकलाय तो."

बाईंनी कपाटातलं एक जुनं रजिस्टर उघडलं. दहा, दहा, दहा, एक वाजता सव्वादहा. दिवसभराचे आकडे एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेले. खरं वाटावं म्हणून दुपारी पाव किलो वाढवण्याइतकी अक्कल त्या माणसांना होती, फक्त उठून बॉयलरपर्यंत जायचा कंटाळा होता. आणि प्रत्येक पानाखाली साहेब लोकांनी डोळे मिटून सह्या ठोकल्या होत्या. यालाच शिरगुप्पे वीस वर्षांची शिकवण म्हणत होते.

भिंतीपलीकडे बॉयलर धडधडत होता. टेबलावरचा चहाचा कप मघापासून बशीत खडखडत होता. शिरगुप्प्यांनी तो नुसता हाताने दाबून धरला.

बाई पडद्याकडे वळल्या. "दक्ष, या क्षणाला बॉयलरमध्ये खरा दाब किती आहे?"

 यंत्र अदबीने म्हणालं, "मॅडम, किती लिहू?"