गंजकी कपाटं

२००२ साल. छोट्याशा रिसीव्हरमध्ये दोन अँटेना चार बोटांच्या अंतरावर बसवून मी बिनतारी इंटरनेटचा वेग दुप्पट केला होता. परीक्षकांसमोर तो दिसला नाही, तर प्रकल्प बंद होणार होता.

पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी मी आमच्या प्रयोगशाळेतली गंजकी लोखंडी कपाटं बाहेर काढायला लावली.

परीक्षकांसमोर वेग निम्म्यावर आला.

"अहो बाई," म्हातारा तंत्रज्ञ कपाळावर हात मारून म्हणाला, "कपाटांवर आपटून लहरी वेगवेगळ्या वाटांनी यायच्या, म्हणून तर दोन्ही अँटेनांना वेगवेगळं ऐकू यायचं! आता दोघींच्या कानी एकच पाढा."

प्रकल्प गुंडाळला. आमच्या साहेबांची बदली झाली, तंत्रज्ञाने दुरुस्तीचं दुकान काढलं, मी शिकवण्या धरल्या.

 

कपाटं शेजारच्या प्रयोगशाळेने नेली. पुढच्या वर्षी दुप्पट वेगाचं बक्षीसही त्यांनीच नेलं.