तास संपेपर्यंत

सकाळी शाळेत मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर झापलं, तेव्हा शिक्षिका असलेल्या प्रज्ञाने मान खाली घालून ऐकून घेतलं. तो राग दुपारी घाटकोपरच्या टेकडीवर ती घेत असलेल्या प्रौढ साक्षरता वर्गात वनिताताईंवर निघाला. चार घरची धुणीभांडी उरकून आलेल्या वनिताताईंची पाटी कोरीच होती. "गृहपाठ नाही? तास संपेपर्यंत उभ्या राहा." पन्नाशीच्या वनिताताई पदर सावरत उठल्या. फळ्यावर दोन अक्षरं लिहून प्रज्ञाचा खडू थांबला. वळून ती म्हणाली, "चुकलं माझं, ताई. बसा तुम्ही." "राहू द्या ना, बाई," पाटी छातीशी धरून वनिताताई लाजत म्हणाल्या. "माझी पोरं घरी येऊन सांगायची, बाईंनी उभं केलं. मला कोण करणार? मी शाळेत गेलेच कुठे?" मागच्या बाकावरच्या आजींनी आपली भरलेली पाटी पदराने पुसली. "बाई, माझाही गृहपाठ राहिलाय," म्हणत त्या गुडघे धरून उठल्या.