बाळगोळी

"भिजली का वं?" पार्वताबाईंनी विचारलं.

वच्छलाने नुसती मान हलवली. तोंडात अफूची गोळी असताना बोलणार कशी? गोळी आईने जिभेवर भिजवायची आणि बोटाने बाळाच्या टाळूला लावायची, अशी त्या घरची रीत होती. सासू समोर उभी होती. वच्छलाने ओलं बोट आठ महिन्यांच्या शालिकच्या तोंडात घातलं.

"झालं," पार्वताबाई म्हणाल्या. "आता दिवसभर तुले वेचणीले मोकळं."

कापसाला तेव्हा सोन्याचा भाव आला होता. कुठेतरी साता समुद्रापलीकडे गोऱ्यांची लढाई जुंपली होती आणि इकडे वलगावच्या बायकांना मान वर करायला फुरसत नव्हती. वच्छलाचा नवरा सूर्यभान गाडी भरून अमरावतीला जायचा, तो दुसऱ्या दिवशीच तोंड दाखवायचा. वेचायला बाई मिळत नव्हती. घरची सून लेकरू घेऊन बसली असती, तर फुटलेला कापूस मातीत गेला असता.

सल्ले मात्र हवे तेवढे मिळत. लेकरू रडतं? झाडाला झोळी बांध. झोळीत रडतं? फडक्यात गूळ बांधून चोखायला दे. अंगावर पाजतेस ना, मग वांगं खाऊ नको, त्याला बाधतं. वच्छलाने वांगं सोडलं, ताक सोडलं. ज्याने जे सांगितलं ते तिने मुकाट्याने केलं.

एकच गोष्ट केली नाही. शालिकच्या टाळूला ती गोळी तिने कधी लागू दिली नाही. सासूच्या डोळ्यांदेखत ती बाळाच्या तोंडात बोट घालायची, पण त्या बोटाला नुसती थुंकी असायची.

दोन वर्षांमागच्या वेचणीत तिची पहिली मुलगी शकुन अशीच गोळी देऊन झोपवली होती. संध्याकाळी झोळीतून काढली तेव्हा पोर गार पडलेली होती. आतून ताप होता, असं पार्वताबाई म्हणाल्या आणि सगळ्यांनी ते मानलं. वच्छलाने मानलं नाही, पण तोंडही उघडलं नाही. बोलणार कोणापाशी? सासूने स्वतःची चार लेकरं याच गोळीवर वाढवली होती. बरं, ती दुष्ट म्हणावी तर तसंही नाही. शकुनसाठी सगळ्यांत जास्त तीच रडली होती.

पहिले दोन दिवस शालिकने झोळीत आकांत केला. मग मात्र तो शहाण्यासारखा झोपू लागला. गोळीशिवाय झोपतो, गुणाचं आहे माझं लेकरू, असं वच्छलाला वाटलं. तिचेही दिवस सोपे जाऊ लागले. आधी दुपारीच कंबर मोडायची, आता दिवस मावळेपर्यंत वेचलं तरी काही जाणवत नव्हतं. रात्री तेवढी हातात घास असतानाच डुलकी लागायची. कामाचा शीण, दुसरं काय?

महिनाभराने पार्वताबाई म्हणाल्या, "लेकरू मोठं झालं. गोळी मोठी करा लागते." मोहरीएवढी गोळी मुगाएवढी झाली.

त्यानंतर शालिकची झोप वाढली. हाक मारली तरी डोळा उघडेना. दूध ओढायचा तेही चार घोट, की पुन्हा मान टाकायचा. शकुनचंही असंच झालं होतं.

दुपारची भाकरी घेऊन सासू शेतात यायची आणि घटकाभर झोळीपाशी बसायची. वच्छलाने धीर करून विचारलं, "आत्याबाई, तुमी याले दुपारी काई देता का?"

"मी?" पार्वताबाई तडकल्या. "सकाळी तू देऊन राहिली ना? दोनदा देऊन मारू का मी त्याले?"

वच्छलाचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी तिने शालिकला झोळीत ठेवलंच नाही. पाठीशी बांधला आणि तसाच कापूस वेचला. कोणाला हात लावू दिला नाही. गूळ नाही, पाणी नाही. दर घटकेला स्वतःच बांधावर बसून त्याला पाजत राहिली. संध्याकाळपर्यंत शालिक कापडाच्या बाहुलीसारखा झाला होता.

त्या संध्याकाळी सूर्यभान आला.

"अवं, याले वैद्याकडं नेऊ," ती म्हणाली.

"चार दिवस थांब. भाव पडाच्या आत गाड्या गेल्या पाह्यजे." त्याने बैल सोडले आणि पाय धुवायला गेला.

वच्छलाला रडू आलं. ती कोणाला न विचारता शालिकला घेऊन निघाली आणि गावच्या टोकाला राहणाऱ्या जयवंता सुइणीच्या दारात जाऊन बसली. तिची दोन्ही बाळंतपणं जयवंतानेच केली होती.

जयवंताने दिवा जवळ घेतला आणि शालिकची पापणी उचलून पाहिली. "अफू हाय ही. किती देतं वं?"

"एक बी नाई. याच्या डोक्श्यावर हात ठेवून सांगतो."

"मंग तुही सासू देत असन."

"आज तं मी त्याईले हातच लावू देल्ला नाई. कोनालेच नाई. दिवसभर माह्यापाशीच होता."

"अन् रोजची गोळी? तिचं तू काय करतं?"

"त्या समोर उभ्या राह्यतात. थुंकू कुठी?" वच्छला म्हणाली. "मीच गिळून घेतो."

शालिकने जरा चुळबुळ केली आणि ओठ हलवले. वच्छलाचा चेहरा उजळला. "जागा झाला, माय!" म्हणत तिने घाईघाईने त्याला पदराखाली घेतलं.

जयवंताने दिवा खाली टाकला आणि दोन्ही हातांनी ते लेकरू तिच्या छातीपासून ओढून काढलं.