दारफाळणी

नम्रताने तिसऱ्यांदा कडी वाजवली. आतून हूं की चूं नाही. एका हातात शिऱ्याची वाटी, दुसऱ्या हातात मोबाइल. आज ज्यू लोकांचा मोठा सण, असं सकाळीच मोबाइलवर आलं होतं. आणि सण म्हटला की शुभेच्छा दिल्याशिवाय या बाईला चैन कुठलं! ईद असो की नाताळ, पहिली हजेरी हिची. लग्न होऊन रोह्याच्या या आळीत आल्याला जेमतेम सहा महिने झाले होते, पण ओळखी सहा वर्षांच्या.

शेजारच्या रिवकामावशी ज्यू, घरात एकट्या. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही मुलं इस्रायलला. त्यांचं दार काल संध्याकाळपासून बंद आहे, हे नम्रताच्या आता लक्षात आलं. रोज सकाळी अंगणात त्यांचा खराटा वाजायचा. आज तोही नाही.

नवरा हरेश कंपनीत शिफ्टवर, फोन लॉकरमध्ये. सासूबाई पेणला लेकीकडे, त्या फोन उचलेनात. समोरच्या घराला कुलूप. मावशी मोरीत पडल्या असतील तर? नम्रता मागच्या दाराकडे धावली. वाटी ओट्यावर ठेवली, देवाचं नाव घेतलं आणि खांदा मारला. जुनी कडी ती, दुसऱ्याच धक्क्याला खिळ्यांसकट निघाली.

आत मावशी पांढरंशुभ्र लुगडं नेसून खुर्चीत बसलेल्या. मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक. अगदी ठणठणीत.

"अहो मावशी, ओ तरी द्यायची ना! जीव गेला माझा!" नम्रता रडायलाच लागली. मग रडत रडतच म्हणाली, "सणाच्या शुभेच्छा."

"अगो बाय, आज दारफाळणी आमची," मावशी म्हणाल्या. "काल सांजेपासून कडक उपास. दार लावून बसायचं, देवाकडं माफी मागायची. भायेरच्या कुणाशी बोलायचं नाय. सगल्या आळीला ठाव हाय."

नम्रताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उपाशी म्हातारीसाठी शिरा, आणि वर मोडलेलं दार!

"चुकलंच माझं. पुढच्या वर्षी नक्की लक्षात ठेवीन."

मावशींनी तिचा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नको गो ठेवू. सगल्यांनी लक्षात ठेवलं, म्हणून तर पोरं गेल्यापासून या दिवशी माज्या दाराशी कोन आलं नाय."