न वाहणारं पाणी

रियाजने लांब दांड्याचा ब्रश पाण्यातून वर काढला. त्याला पुन्हा हिरवं चिकटून आलं होतं. त्याच कोपऱ्यात, खोल बाजूच्या पायऱ्यांशी, जिथे पाणी कमी फिरायचं.

होळीपासून हे असंच चाललं होतं. गंगापूर रोडवरच्या या सोसायटीचा पोहण्याचा तलाव रियाज कित्येक वर्षं सांभाळत होता. मुलांना पोहायलाही तोच शिकवायचा. क्लोरीन रोज तपासलेलं, फिल्टर धुतलेला, मोटर वेळेवर चाललेली. तरी घासलेल्या फरशीवर शेवाळ परत धरायचं. परवा एक छोटी मुलगी त्यावरून घसरली आणि तिच्या हनुवटीला टाके पडले. तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षा तृप्ती मॅडम स्वतः खाली आल्या.

"रियाजभाई, कारण शोधा. नाहीतर तलावाला कुलूप लावावं लागेल."

रियाज बाटलीत पाणी भरून द्वारका चौकातल्या, तलावाची औषधं विकणाऱ्या दुकानात गेला. दुकानदाराने पाणी तपासलं. "क्लोरीन ठीक आहे. पण पाण्यात फॉस्फेट फार आहे. शेवाळाचं ते खाणं. रोज ताट वाढल्यावर औषध तरी किती पुरणार? शेजारी बाग आहे का? हाडांच्या खतात हे भरपूर असतं."

बाग होती. तलावाला लागूनच गुलाबांचा वाफा होता आणि भिमाजी माळी त्याला हाडांचं खत घालायचा. मूळचा हरसूलचा हा म्हातारा उजाडायच्या आत कामाला लागलेला असे. रियाजने त्याला मॅडमसमोर उभं केलं.

"माझं खत वाफ्याच्या बाहेर जात नाय," भिमाजी म्हणाला.

"मग पाण्यात दुसरं कोण काय टाकतं? सगळ्यांच्या आधी तर तुम्ही येता इथे."

भिमाजीने बोलायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. मान खाली घालून उभा राहिला. त्या गप्प राहण्यातच रियाजला उत्तर मिळालं. मॅडमनाही तेच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून भिमाजीचं येणं बंद झालं.

रियाजने अर्धं पाणी बदललं, भिंती घासल्या. तलाव निळा झाला. सुटलो, असं त्याला वाटलं. आणि मग एका सकाळी पायऱ्यांशी पाय ठेवला तर तळव्याखाली बुळबुळीत लागलं. आता तर वाफ्यात खतही पडत नव्हतं.

पुढच्या पहाटे तो नेहमीपेक्षा लवकर आला. खोल बाजूच्या पायरीवर कुसाबाई बसली होती. ती तळमजल्यावर राहायची. तिची मुलगी हर्षाली रियाजच्या हाताखाली पोहायला शिकली, राज्याच्या स्पर्धेपर्यंत गेली, आणि संक्रांतीनंतर वणीच्या गडावर देवीचं दर्शन घेऊन येताना रस्त्यावरच्या अपघातात गेली. तेव्हापासून कुसाबाई कधीमधी पाण्यापाशी येऊन बसे. कोणी काही विचारत नसे.

तिने कनवटीची लहानशी पुरचुंडी सोडली. त्यातली करडी चिमूट पाण्यात सोडली आणि तळहाताने पाणी हलकेच थोपटलं, पाळण्यातल्या पोराला थोपटावं तसं.

"ताई, काय आहे ते?"

तिने लपवलं नाही. "हर्षू हाय."

रियाज ओल्या फरशीवर खाली बसला.

"रामकुंडात तिची राख सोडली सगळ्यांनी मिळून," ती म्हणाली. "एवढी मी मागं ठेवली. गोदेचं पाणी वाहून जातं, रियाजभाऊ. तिकडं तिला कुठं शोधू मी? हे पाणी कुठं जात नाय."

हाडांत शेवाळाचं खाणं असतं, हे दुकानदाराचं बोलणं रियाजला आठवलं. आणि ते पाणी कुठे जातं हेही त्याला ठाऊक होतं. फिल्टर धुतला की घाण पाणी मागच्या गटारात जायचं. आजवर ते त्यानेच आपल्या हाताने सोडलं होतं. हे तिला सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

"इथे लहान पोरं पोहतात, ताई," तो एवढंच म्हणाला.

"म्हणून तर."

रियाजने खालच्या आवाजात सांगितलं, की याच पायरीच्या शेवाळावरून एक पोर पडली, टाके पडले तिला. कुसाबाईने पायरीकडे पाहिलं. हाताने चाचपून पाहिली. मग पुरचुंडीची गाठ बांधली आणि घरात गेली.

त्याच दुपारी रियाज तृप्ती मॅडमकडे गेला. भिमाजीचा काही दोष नव्हता, म्हणाला.

"मग कशामुळे झालं हे?"

"माझ्याकडून सफाईत कमी पडलं, मॅडम."

मॅडमचं बोलणं ऐकून घेणं त्याच्या नशिबी आलं, ते त्याने ऐकून घेतलं. संध्याकाळच्या आत तो मोटारसायकल काढून भिमाजीच्या गावी, हरसूलला पोहोचला.

भिमाजी घरामागच्या तुकड्यात भाताच्या रोपांची जमीन भाजायला, राबासाठी पालापाचोळा पसरत होता. रियाज बांधावर उभा राहिला.

"भिमाजी, माझी चूक झाली. मॅडमशी बोललोय मी. उद्यापासून या." कारण त्याने सांगितलं नाही. सांगायचं नाही असं त्याने वाटेतच ठरवलं होतं.

भिमाजीने हात झटकले. घरातून पाण्याचा तांब्या आणला, रियाजच्या हातात दिला. तो पाणी पिऊन होईपर्यंत थांबला. मग घरातल्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारलं,

"ताईची पुरचुंडी सरली का? सरली नसंल, तर मी आणखी थोडे दिवस इथंच राहतो. नाव माझ्यावरच राहू दे."