भाड्याचं शिरस्त्राण

यंदा लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी योद्ध्यांसारखं सजायची फॅशन आली आहे. माझ्या धाकट्या भावाने, राकेशने, चिलखताच्या नक्षीचं जाकीट ऑनलाइन मागवलं आणि जळगावात लालचंदभाऊंच्या दुकानातून शिरस्त्राण भाड्याने आणलं. आमच्या गावाहून, असोद्याहून, मित्राच्या वरातीला निघताना मी त्याच्यापुढे हेल्मेट धरलं.

“डोक्यावर एक आहे ना ताई. हे काय गुडघ्याला बांधू?”

मी शिरस्त्राण बोटाने वाजवून पाहिलं. वरून पितळी रंग, आत पातळ फायबर. हनुवटीखाली पट्टा नव्हता. मी त्याला तसं सांगितलं. तो हसत मोटरसायकलवर बसला.

ट्रॅक्टरची धडक बसली तेव्हा शिरस्त्राण आधी उडालं. ते रस्त्यालगतच्या केळीच्या बागेत, ओल्या मातीवर सापडलं. राकेशचं डोकं डांबरावर आपटलं होतं.

राकेशच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदन विधीच्या दुसऱ्या दिवशी मी ते पुसून दुकानात परत नेलं. लालचंदभाऊंना काही माहीत नव्हतं. त्यांनी ते उजेडात धरलं, सगळीकडून फिरवून पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दाखवलं.



“असं जपून वापरावं माणसाने. एक ओरखडा नाही.”